मराठी संदर्भसूचीत इंग्रजी ‘एट अल.’ पुन्हा पुन्हा उगवतं: सीएसएल स्टाइलमध्ये दुरुस्ती नेमकी कुठे करायची

प्रबंध मराठीत आहे, संदर्भ झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, भरलेले आहेत आणि सूची क्षणात तयार होते. पण चार लेखकांच्या मराठी पुस्तकापुढे रोमन लिपीत ‘एट अल.’ येतं, दोन लेखकांच्या मध्ये ‘अँड’ येतं, पानांच्या आकड्यांआधी ‘पीपी.’ आणि संपादकाच्या नावामागे ‘एड.’. वर्डमध्ये बसून हे सगळं हाताने मराठी केलं, तरी पुढचा संदर्भ घालताच झोटेरो सूची नव्याने लिहितं आणि केलेलं काम पुसलं जातं. मराठीतून संशोधन लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी या त्रासाला कंटाळून संदर्भसूची पुन्हा हाताने टाइप करायला घेतली आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे. फक्त तो वर्डच्या पानावर करायचा नसतो.

खाली फाइलमधल्या घटकांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत असतात, पाहिल्यावर लगेच ओळखू येतील.

आधी दोष कुठल्या थरात आहे ते ओळखा

सीएसएल, म्हणजे सायटेशन स्टाइल लँग्वेज, ही संदर्भ कसे छापायचे ते सांगणारी, एक्सएमएलमध्ये (मजकुराचे भाग खुणांनी दाखवण्याच्या पद्धतीत) लिहिलेली भाषा आहे. तिची सुरुवात ब्रूस डार्कस या अमेरिकन भूगोलाच्या प्राध्यापकाने केली. १.० ही आवृत्ती २०१० साली आली आणि १.०.२ ही २०२१ साली. झोटेरो, मेंडेली, पँडॉक ही सगळी मंडळी तीच वापरतात. त्याआधी लाटेक या अक्षरजुळणीच्या साधनाच्या जगात बिबटेक या संदर्भसूचीच्या साधनाच्या स्टाइल फाइली होत्या. त्यांत नावांचा क्रम, विरामचिन्हं आणि ‘अँड’सारखे शब्द हे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये गुंतलेलं असायचं, त्यामुळे भाषा बदलायची तर अख्खी फाइल उसवावी लागे.

सीएसएलच्या रचनेत हे वेगळं केलेलं आहे. तुम्ही भरलेली नोंद हा एक थर. त्या त्या भाषेतले ठरलेले शब्द, महिन्यांची नावं, तारखेचा क्रम हे सगळं ज्यात असतं ती लोकेल फाइल हा दुसरा. कुठली गोष्ट कुठल्या क्रमाने आणि कुठल्या विरामचिन्हाने छापायची हे सांगणारी स्टाइल हा तिसरा. आणि हे तिन्ही वाचून मजकूर तयार करणारा प्रोसेसर हा चौथा. झोटेरोत तो सायटप्रॉक-जेएस नावाचा आहे आणि तो फ्रँक बेनेट यांनी लिहिला. जगातल्या हजारो नियतकालिकांचे नियम याच रचनेत मांडले गेले आहेत, दहा हजारांहून जास्त स्टाइली आज मोफत मिळतात.

म्हणून काही चुकीचं छापलं गेलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: चूक शब्दात आहे, क्रमात आहे, की नोंदीत? शब्द इंग्रजी येत असेल तर लोकेल पाहा. स्वल्पविराम किंवा क्रम चुकत असेल तर स्टाइल पाहा. एकाच नोंदीत गडबड असून बाकीच्या ठीक असतील तर ती नोंद उघडा. हे न पाहता स्टाइलवर स्टाइल बदलून पाहण्यात संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही.

शब्द इंग्रजीच का येतात

प्रोसेसर शब्द शोधतो तो ठरलेल्या क्रमाने. आधी स्टाइलच्या आत त्या भाषेसाठी काही लिहिलं आहे का ते पाहतो. नसेल तर त्या भाषेची लोकेल फाइल पाहतो. तिथेही नसेल तर अमेरिकन इंग्रजीकडे जातो. मराठी लोकेल उपलब्ध नसेल किंवा अपुरी असेल, तर अखेरीस इंग्रजीच छापलं जाणार. यात बिघाड काही नाही, नियमच तसा आहे.

उपायही त्याच नियमात आहे. स्टाइलच्या आत स्वतःचा ‘लोकेल’ विभाग लिहिता येतो आणि त्याला बाहेरच्या कुठल्याही लोकेल फाइलपेक्षा जास्त मान मिळतो. त्यात ‘टर्म्स’, म्हणजे ठरलेले शब्द, घालायच्या: ‘एट-अल’साठी ‘आणि इतर’, ‘अँड’साठी ‘आणि’, ‘पेज’च्या लघुरूपासाठी ‘पृ.’, ‘एडिटर’साठी ‘संपा.’, ‘ट्रान्सलेटर’साठी ‘अनु.’, ‘इबिड’साठी ‘तत्रैव’. एकवचन आणि अनेकवचन वेगळं द्यावं लागतं, तेव्हा ‘पृ.’ दोन्हीकडे लिहा. नाहीतर एका पानाला मराठी आणि दोन पानांना इंग्रजी असं व्हायचं.

पूर्ण सूची मराठीच असेल तर या विभागाला भाषेचं लेबलच लावू नका. लेबल नसलेला विभाग सगळ्या भाषांना लागू होतो, त्यामुळे दस्तऐवजाची भाषा झोटेरोत काहीही निवडलेली असली तरी तुमचे शब्द येतात. याच विभागात ‘पंक्चुएशन-इन-कोट’ हा पर्याय ‘फॉल्स’ करून टाका. अमेरिकन पद्धतीत स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत जातो, मराठीत तो बाहेर हवा.

काही जणांनी हे सगळं केलेलं असतं आणि तरी फरक पडत नाही. त्याची कारणं बहुधा दोनच असतात.

एक म्हणजे तुम्ही उघडलेली स्टाइल अवलंबित आहे. स्टाइलींच्या मोफत भांडारातल्या बऱ्याच फाइलींत स्वतःचे नियम नसतातच, फक्त ‘अमुक मूळ स्टाइलप्रमाणे छापा’ एवढा निर्देश असतो. तिच्यात काही लिहून उपयोग नाही, मूळ स्टाइल शोधून ती उघडा.

दुसरं म्हणजे तुम्ही मूळ नावाने आणि मूळ ‘आयडी’नेच बदल जतन केला. झोटेरो बसवलेल्या स्टाइली परस्पर अद्ययावत करत असतं, त्यात तुमची प्रत पुसली जाते. आठवडाभर नीट चालून अचानक ‘एट अल.’ परत आलं असेल तर हेच झालेलं आहे. फाइलचं नाव, आतलं ‘टायटल’ आणि ‘आयडी’ हे तिन्ही बदला, ‘सेल्फ’ असं लिहिलेली लिंक काढा आणि मग पुन्हा बसवा.

संपादनासाठी झोटेरोतच ‘टूल्स’च्या ‘डेव्हलपर’ यादीत ‘स्टाइल एडिटर’ असतो. तिथे बदल केला की निवडलेल्या नोंदींवर त्याचा परिणाम लगेच दिसतो. सात-आठ अवघड नोंदी निवडून ठेवा: दोन संपादकांचं पुस्तक, अनुवाद, दिवाळी अंकातला लेख, लेखक नसलेला शासकीय अहवाल, आणि एखादा इंग्रजी ग्रंथ. साध्या एकलेखकी पुस्तकावर पाहिलं तर सगळंच बरोबर दिसतं.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच सूचीत

खरी अडचण इथे आहे. मराठी प्रबंधाच्या सूचीत निम्मे ग्रंथ इंग्रजी असतात. ‘एट-अल’ला ‘आणि इतर’ केलं की रोमन लिपीतल्या इंग्रजी नावांमागेही ‘आणि इतर’ येतं. सीएसएल १.०.२ मध्ये भाषा ठरते ती संपूर्ण दस्तऐवजासाठी. प्रत्येक नोंदीसाठी वेगळी भाषा घेण्याची सोय मानकात नाही. माझ्या मते या भाषेच्या रचनेतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, कारण जगातलं सगळंच संशोधन एकभाषिक नसतं.

यावर दोन वाटा आहेत.

पहिली वाट सीएसएल-एम नावाच्या विस्ताराची. हा विस्तार बेनेट यांनी ज्युरिस-एम या बहुभाषिक साधनासाठी केला आणि झोटेरोचा प्रोसेसर तोच असल्यामुळे झोटेरोतही तो चालतो. यात एकाच ‘बिब्लिओग्राफी’त एकापेक्षा जास्त ‘लेआउट’, म्हणजे छपाईच्या मांडण्या, लिहिता येतात आणि प्रत्येकाला भाषा देता येते. चीनमध्ये ‘जीबी/टी ७७१४’ हे राष्ट्रीय मानक पाळताना नेमकी हीच गरज पडते, चिनी नोंदीला चिनी शब्द आणि इंग्रजी नोंदीला ‘एट अल.’. तिथल्या झोटेरो वापरणाऱ्यांनी याच मार्गाने द्विभाषिक स्टाइली तयार केल्या आहेत.

आपल्यासाठी मांडणी अशी: स्टाइलची मूळ भाषा ‘डिफॉल्ट-लोकेल’मध्ये मराठी ठेवा. स्टाइलच्या आत दोन लोकेल विभाग लिहा, एक मराठीचं लेबल असलेला आणि एक इंग्रजीचं. मग ‘लेआउट’ दोन: आधी इंग्रजी भाषेचा, आणि सर्वांत शेवटी भाषा न दिलेला, तो मराठीसाठी. भाषा न दिलेला लेआउट शेवटीच हवा. हीच जोडी ‘सायटेशन’मध्येही लागेल, नाहीतर सूची बरोबर येईल आणि मजकुरातला कंस चुकेल. आणि प्रत्येक इंग्रजी नोंदीच्या ‘लँग्वेज’ रकान्यात भाषेचा दोन अक्षरी संकेत भरलेला हवा. तो रकाना रिकामा असला तर प्रोसेसरला ग्रंथाची भाषा कळण्याचा दुसरा मार्ग नाही, तो लिपी पाहून अंदाज करत नाही. ‘स्टाइल बरोबर आहे पण तीनच नोंदी चुकतात’ अशी तक्रार असेल तर त्या तीन नोंदींचा हा रकाना आधी पाहा.

अशी स्टाइल मानकाच्या तपासणीत उत्तीर्ण होणार नाही आणि अधिकृत भांडारात घेतली जाणार नाही. स्वतःच्या किंवा विभागाच्या वापरासाठी मात्र ती उत्तम आहे.

दुसरी वाट मानकात राहूनची आहे. सीएसएलमध्ये ‘एट-अल’ या घटकाला दोन शब्दांतला एक निवडता येतो: ‘एट-अल’ किंवा ‘अँड अदर्स’. पहिल्याला रोमन ‘एट अल.’ द्या, दुसऱ्याला ‘आणि इतर’. मग ‘चूज’ वापरून अट घाला: ‘लँग्वेज’ भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर दुसरा. अट फक्त भरलेलं की रिकामं एवढंच तपासू शकते, आत काय लिहिलं आहे ते नाही. म्हणून मराठी नोंदींत भाषा भरायची आणि इंग्रजी नोंदींत रिकामी सोडायची, असा शिस्तीचा नियम स्वतःला घालून घ्यावा लागतो. शिवाय ‘पृ.’ आणि ‘पीपी.’चा प्रश्न तसाच राहतो. झोटेरो वापरत असाल तर पहिलीच वाट धरा.

जाता जाता: मराठी ग्रंथाचं शीर्षक रोमन लिपीत भरलं असेल आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं होत असेल, तर उपाय तोच रकाना आहे. इंग्रजी शीर्षकाचा हा नियम भाषा इंग्रजी असेल किंवा दिलेली नसेल तेव्हाच लागतो. भाषा मराठी भरली की शीर्षक जसंच्या तसं येतं.

नावं उलटी किंवा चिकटलेली येतात

देवनागरीतलं नाव दोन रकान्यांत भरल्यावर कधी कधी आडनाव आणि नाव मध्ये जागा न सोडता चिकटून छापलं जातं, आणि स्टाइलमध्ये ‘नेम-ॲज-सॉर्ट-ऑर्डर’ हा आडनाव आधी घेण्याचा पर्याय कितीही बदला, काही हलत नाही. कारण मानकातच आहे. नाव आधी आणि आडनाव नंतर असा क्रम ज्या लिप्यांत असतो, त्यांची उदाहरणं म्हणून तिथे रोमन, ग्रीक, सिरिलिक आणि अरबी दिल्या आहेत. ‘आशियाई’ लिप्यांतली नावं मात्र नेहमी आडनावापासून सुरू होतात असं गृहीत धरलं आहे. चिनी, जपानी, कोरियन नावांसाठी ते बरोबर आहे. पण देवनागरी त्या चार लिप्यांत नाही, म्हणून प्रोसेसर तिला दुसऱ्या गटात टाकू शकतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे नाव आपण चालू मजकुरात कधीही आडनावापासून लिहीत नाही. आशियातल्या सगळ्या लिप्या एकाच गटात बसत नाहीत, आणि हे बदलायला हवं.

तोवर काय करायचं ते तुमच्या पद्धतीवर अवलंबून आहे. तळटिपांची पद्धत असेल तर नाव एका रकान्यात भरा. झोटेरोत लेखकाच्या ओळीपाशी एक किंवा दोन रकान्यांचं बटण असतं. एका रकान्यात ‘राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ’ असं लिहिलं की ते तसंच छापलं जातं आणि क्रमही आडनावाप्रमाणे लागतो. लेखक-वर्ष पद्धत असेल तर हे करू नका, कारण मग मजकुरातल्या कंसातही पूर्ण नाव येईल. तिथे दोन रकानेच ठेवा. कंसात फक्त आडनाव येत असल्याने तो बरोबर राहतो. सूचीतली नावं अगदी शेवटी, फाइलची झोटेरोशी असलेली जोडणी तोडल्यावर, हाताने सुटी करावी लागतात. यापेक्षा स्वच्छ मार्ग स्टाइलच्या आत मला दिसत नाही.

आद्याक्षरांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर सोपं आहे. आपली आद्याक्षरं म्हणजे एकेक सुटं चिन्ह नसतं. रामचंद्र चिंतामण ढेरे यांचं ‘रा. चिं. ढेरे’ होतं, त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचं ‘त्र्यं. शं. शेजवलकर’. मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर सगळं सोबत येतं. नावाची आद्याक्षरं करणाऱ्या ‘इनिशियलाइज-विथ’वर विसंबलं आणि प्रोसेसरने पहिलं युनिकोड चिन्ह तेवढं उचललं, तर ‘चिं.’चा ‘च.’ होतो आणि ‘त्र्यं.’चा ‘त.’. म्हणून नावाच्या रकान्यात आद्याक्षरंच भरा, जशी छापायची तशी, आणि स्टाइलमध्ये ‘इनिशियलाइज’ला ‘फॉल्स’ करा. एका लेखकाची आद्याक्षरं सगळ्या नोंदींत सारखीच हवीत.

सारखेपणाचा मुद्दा अक्षरांनाही लागू होतो. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होऊ शकतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण प्रोसेसरला ते दोन वेगळे लेखक वाटतात. मग एकाच वर्षातल्या दोन पुस्तकांना वर्षापुढची ‘ए’, ‘बी’ ही अक्षरं लागत नाहीत. ती अक्षरं आलेली दिसली नाहीत तर एका नोंदीतलं आडनाव पुसून तिथे दुसरीतलं चिकटवा.

‘२१ली आवृत्ती’

मराठीत आवृत्ती पहिली असते आणि खंड पहिला. सीएसएलमध्ये याची सोय आहे, हे पाहून मला फार आनंद झाला होता. ‘एडिशन’ या टर्मला स्त्रीलिंग आणि ‘व्हॉल्यूम’ला पुल्लिंग द्या. मग क्रमवाचक टर्म्स दोन्ही लिंगांसाठी लिहा: स्त्रीलिंगात ली, री, री, थी आणि बाकीच्यांना वी, पुल्लिंगात ला, रा, रा, था आणि वा.

गडबड होते ती पुढे. ‘ऑर्डिनल-०१’ ही टर्म मुळात शेवटच्या आकड्यावरून लागते, इंग्रजीत एकविसाव्यालाही एकचाच प्रत्यय लागतो म्हणून. मराठीत तसं नाही. त्यामुळे २१ला ‘ली’ आणि ३४ला ‘थी’ लागतं. ०१ ते ०४ या चारही टर्म्सना ‘मॅच’ हा गुणधर्म ‘होल-नंबर’ असा द्या, म्हणजे त्या फक्त १, २, ३, ४ यांनाच लागतील. अक्षरी रूपं हवी असतील तर ‘लाँग-ऑर्डिनल’ दहापर्यंतच लिहिता येतात, त्यापुढे प्रत्ययाचं रूप येतं.

वर्ष, क्रम आणि उरलेलं

तारखेच्या रकान्यात देवनागरी आकडे भरू नका. झोटेरो ते वर्ष म्हणून ओळखत नाही, आणि मग वर्षानुसार लावलेला क्रम फसतो. तारीख ओळखली गेली की रकान्याच्या उजव्या टोकाला वर्ष-महिना-दिवस यांची इंग्रजी आद्याक्षरं बारीक दिसतात. ती नसतील तर तारीख वाचली गेलेली नाही. छापताना देवनागरी आकडे हवे असतील तर तशी सोय सीएसएलमध्ये नाही, ते काम शेवटच्या प्रतीत ‘शोधा आणि बदला’ने करावं लागतं.

जुन्या पुस्तकांवर फक्त शक असतो. तारखेत इसवी सन भरा: शकात ७८ मिळवा, पौषानंतरच्या महिन्यांतलं प्रकाशन असेल तर ७९. मूळ ‘शके १८२०’ हे ‘एक्स्ट्रा’ रकान्यात लिहा. तो रकाना स्टाइलला ‘नोट’ म्हणून मिळतो आणि वर्षापुढे चौकटी कंसात छापता येतो. मात्र मग त्या रकान्यात दुसरं काही ठेवू नका, सगळंच छापलं जाईल.

क्षीरसागर हे आडनाव सूचीत ‘क’मध्ये सापडू शकतं, कारण युनिकोडमध्ये क्ष म्हणजे क आणि ष यांचा जोड आहे. ज्ञ तसाच ‘ज’मध्ये जाऊ शकतो. वर्णमालेप्रमाणे हे दोन्ही शेवटी हवेत असा तुमच्या मार्गदर्शकांचा आग्रह आहे का ते आधीच विचारून घ्या. स्टाइलमध्ये त्यासाठी कळ नाही.

शीर्षकं तिरकी छापणं देवनागरीत वाचायला त्रासाचं होतं. मराठी लेआउटमधून ‘इटॅलिक’ काढून ठळक ठसा किंवा एकेरी अवतरण द्या.

एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तकं असली की वर्षापुढे रोमन ‘ए’, ‘बी’ ही अक्षरं लागतात. ती ‘अ’, ‘ब’ करण्याची जागा ना लोकेलमध्ये आहे ना स्टाइलमध्ये. सूचीत आणि मजकुरात दोन्हीकडे ती सारखीच बदलावी लागतात, म्हणून हे काम सर्वांत शेवटी ठेवा. हाताने करायच्या सगळ्या दुरुस्त्या एकाच वेळी करा: आधी फाइलची प्रत काढा, त्या प्रतीत झोटेरोच्या ‘अनलिंक सायटेशन्स’ने जोडणी तोडा आणि मग चिकटलेली नावं, आकडे, वर्षाची अक्षरं बदला. जोडलेली मूळ फाइल तशीच जपून ठेवा. परीक्षकांनी दोन संदर्भ वाढवायला सांगितले तर तीच उघडावी लागेल.